वीस गणितं आणि माझे पाय

हातातला कप आधी खाली ठेवा, सांडला तर मला बोलू नका! एवढा गाढवपणा मी आयुष्यात एकदाच केला आणि तोही तीस पोरांसमोर.

माझा गणिताचा क्लास नवीन जालन्यात, बियाण्याच्या एका गोदामामागे. नियम दोनच. दिलेली गणितं सुटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही आणि जागचं हलायचं नाही. धाकाशिवाय गणित येतं का कुणाला?

त्या दुपारी सातवीतल्या पल्लवीचे वडील आले. भोकरदनकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, शांत माणूस.

"सर, पोरगी झोपंत पाढे बडबडून राह्यली. जरा ढील द्या."

"अहो, मोसंबी पिळल्याशिवाय रस निघतो का?"

"निघत न्हाई. पर लई पिळली तर कडू व्हतो. आज बघतो, न्हाई तर पोरीला घेऊन जातो."

आली का पंचाईत! एक पोरगी गेली की बाकीचे पालकही बिथरणार. म्हटलं, बसा ओट्यावर, दाखवतोच शिस्त. फळ्यावर वीस गणितं लिहिली आणि रुबाबात खुर्चीत बसलो.

तेवढ्यात वीज गेली. पंखा गरगरत थांबला आणि खोलीत अंधारल्यासारखं झालं.

एरवी कुणी खोकतं, कुणाची पेन्सिल पडते. त्या दिवशी काहीच नाही. तीस पोरं, पण श्वासाचाही आवाज येईना! मी खूश. मग लक्षात आलं, माझ्या तोंडाकडे कुणीच बघत नाही. सगळे माझ्या पायांकडे बघतायत. पापणी न लववता!

म्हटलं, असेल बुवा, गुरूच्या पायांवर श्रद्धा.

पण मग ते साठ डोळे हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकले. सगळे एकदम! माझ्या अंगावर काटा आला. टाचेला काहीतरी गार लागलं. फरशी ओली राहिली असेल. कुठंतरी सर्र असा आवाज झाला. गोदामात पोतं ओढत असतील. मी आपली स्वतःचीच समजूत काढत होतो.

पल्लवीने हात वर केला.

"आधी गणितं!" मी ओरडलो.

हात खाली. आणि मग पेन्सिली अशा सुटल्या म्हणता! पोरं वहीत बघायची, माझ्या पायांकडे बघायची, पुन्हा वहीत. कपाळावरून घाम ओघळतोय, पण हात थांबत नाहीत. मी दारातून ओट्याकडे बघून मिशीवर हात फिरवला. बघा म्हटलं, दाब काय चीज असते!

दहाव्या मिनिटाला पल्लवीने वही मिटली.

"झाली सर. आता बोलू?"

"बोल!"

"तुमच्या खुर्चीखाली साप हाय."

"कधीपासून?"

"दुसऱ्या गणितापासून."

मी टेबलावर कसा पोहोचलो, देव जाणे. पोरं भिंतीच्या कडेने बाहेर गेली. खुर्चीच्या पायाला ते लांबलचक प्रकरण वेटोळं घालून होतं. टेबलावरूनच सर्पमित्राला फोन लावला.

"पत्ता सांगा सर."

आणि पत्ता आठवेना! वीस वर्षं तिथं शिकवतोय, पण डोकं कोरं. तोंडातून निघालं काय, तर वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र!

पल्लवी परत आत आली, तिने माझ्या हातातून फोन घेतला. "काका, बियाण्याच्या गोदामामागं निळं दार हाय. धामण दिसून राह्यली, इषारी न्हाई. पर जल्दी या."

खरं सांगतो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. याच पोरीला मी बोलू दिलं नव्हतं.

एवढ्यात तिचे वडील दारात आले. त्यांनी सापाकडे बघितलं, टेबलावरच्या माझ्याकडे बघितलं.

"पल्लवे, दप्तर घे. चल घरी."

"थांबा ना बाबा," ती हळूच म्हणाली, "सर लई भ्यालेत, त्यांना एकट्याला कसं सोडायचं?"