भावसिंगच्या जीपमधला माल

आमचा भावसिंग खैरतांडा ते आर्णी अशी काळी-पिवळी जीप चालवतो. कागदावर जीप नऊ जणांची आहे, पण कागद डिकीत फवारणीच्या पंपाखाली दबलेला असतो. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. भावसिंगनं बैल सोडले, फिरणं सोडलं नाही. वय एकसष्ट, मिशा पांढऱ्या, आणि बोलणं एवढं कमी की हॉर्नच जास्त बोलतो.

मी तांड्याला लागून असलेल्या गावात राहतो आणि आर्णीच्या शाळेत गणित शिकवतो. समोरच्या सीटवर गिअरच्या दांड्याला गुडघा लावून बसायचं, ही माझी बारा वर्षांची जागा. मला शिस्त आवडते, मोजमाप आवडतं, आणि मांडीवर कोंबडी दिलेली आवडत नाही. भावसिंगच्या जीपमध्ये तिन्ही गोष्टींचा माझ्यावर सूड उगवला जातो.

गेल्या नोव्हेंबरात नागपूरच्या कॉलेजातून अर्पिता नावाची मुलगी संशोधनाला आली. विषय होता 'ग्रामीण प्रवासी व माल वाहतुकीचे एकात्मिक व्यवस्थापन'. तिला एका सकाळची मोजणी हवी होती. जीपमध्ये प्रवासी किती आणि माल किती, एवढंच. पण तांड्यासाठी ती मोजणी साधी नव्हती. बस सुरू करा म्हणून तांड्यानं अर्ज केला होता, आणि आगारात कोणीतरी सांगितलं होतं की या मोजणीत सकाळी पंधरा प्रवासी दिसले तर बस मिळेल. अर्जावर पहिली सही सुखीबाईची, म्हणजे भावसिंगच्याच बायकोची. बस आली की जीप बंद पडणार, हे तांड्यातल्या लहान लेकरालाही समजत होतं. भावसिंगला तर रात्रंदिवस समजत होतं.

मोजणीच्या दिवशी सुखीबाई पहाटेच तयार. आर्णीत ज्यांचं काडीचं काम नव्हतं अशा आठ जणांना तिनं घरातून ओढून आणलं. भगवानराव तर दाढी अर्धी करून आले होते. "यायले घेऊन चला," ती नवऱ्याला म्हणाली. "एकबी खाली राहू देऊ नका."

अर्पिता मधल्या सीटवर बसली आणि तिथंच संशोधन अडकलं. एका बाजूला कापसाचं गाठोडं, दुसऱ्या बाजूला वाइंडिंगला चाललेली पाण्याची मोटर. मांडीवर हॉस्टेलच्या पोरांचे चार डबे. तिचा लिहिता हात कोणाच्या तरी पाठीमागे गेला तो आर्णीपर्यंत परत आला नाही. शेवटी तिनं फॉर्म भावसिंगकडे दिला. "काका, तुम्हीच चढवताना खुणा करा. प्रवासी इकडे, माल तिकडे."

भावसिंगनं मान हलवली. प्रत्येक थांब्यावर उतरून, चष्मा लावून, तो खूण करून पुढे नाव लिहायचा. परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा मी एवढ्या गंभीर चेहऱ्याची माणसं पाहिलेली नाहीत.

आर्णीच्या स्टँडवर चहाच्या टपरीजवळ अर्पितानं फॉर्म वाचला. प्रवासी सात, माल अडतीस.

"काका, माणसंच एकोणीस होती," ती म्हणाली. "मी माना मोजल्या. आणि प्रवाशांत ही शेळी कशी?"

"ते वच्छलाबाईची शेळी हाय. रोज आपल्या मनानं चढते, भाजीबाजारात उतरते. कोणाले काही सांगाव लागत नाही. सवारी हाय ते."

"आणि या रामीबाई मालात?"

"तिच्या पोरानं माह्या हाती देल्ली. म्हणे, आर्णीले माह्या बहिणीच्या हाती द्या. जे आपल्या हाती सोपवलं अन् ज्याच्या त्याच्या हाती पोचवाव लागते, ते माल. आमच्यात पहिल्यापासून असंच हाय."

सुखीबाईचे आठही जण मालात होते. "तूच त सोपवले," भावसिंग म्हणाला. अर्पितासुद्धा मालात होती, कारण तिच्या सरांनी आदल्या दिवशी फोन करून 'आमच्या पोरीला नीट न्या' असं सांगितलं होतं. सुखीबाई मात्र प्रवासी. तिला कोणाच्या हाती सोपवायची कोणाची हिंमत झालेली नाही.

मी यादी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. चौथा नग, गणिताचे सर. "मी सरकारी पगार घेतो," मी ओरडलो. "मी माल कसा?"

"विमलताई रोज सांगते, सरले शाळेसमोरच उतरवा, झोपले असन त हालवा. आजबी हालवलं."

टपरीवाल्यासकट सगळे हसले. विमल म्हणजे माझी बायको.

अर्पिता म्हणाली, "काका, मला हे दुरुस्त करावं लागेल." भावसिंगनं चहा खाली ठेवला. "करा," तो म्हणाला. "पण बस आली त मी काय करू? मले दुसरं काही येत नाही."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की माझा राग कुठल्या कुठे गेला. तीस वर्षं पोरांची कॉपी पकडतो मी, लबाडी मला वासानं कळते. ही लबाडी नव्हती. रामीबाई म्हणाली, "मले मालातच राहू दे माय." मग भगवानराव म्हणाले, "मलेबी." तोंड वर न करता मीही म्हणालो, "माझंही नाव तिथंच असू द्या."

तेवढ्यात सुखीबाई बोलली. "मॅडम, यायलेबी मालात लिवा."

"कायले?" भावसिंग म्हणाला.

"तुमच्या याडीनं, माह्या सासूनं, मराच्या वक्ती तुमचा हात माह्या हाती देल्ला. म्हणली, माह्या लेकाले सांभाळ. तीस वर्स झाले, तुमी सकाळी निघता अन् अंधारात येता. पाठ दुखते तं बोलत नाही. मले एक दिवस घरी भेटले नाही तुमी. म्हणून बस पाह्यजे मले. दुसरं काही नाही."

भावसिंगनं आधी रामीबाईला तिच्या लेकीच्या हाती दिलं, मोटर वाइंडिंगवाल्याकडे पोचवली, डबे हॉस्टेलला दिले. मग येऊन म्हणाला, "मॅडम, माणसं सवारीत लिवा. सगळी." अर्पितानं सात खोडून एकोणीस केलं, शेळी वगळून. त्यानं सुखीबाईला समोरच्या सीटवर, माझ्या जागेवर, बसवलं आणि दोघंच घरी निघून गेले.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी स्टँडवर आलो तर भगवानराव अर्ध्या दाढीनं तिथंच उभे होते, आणि बाकीचेही. कोणालाच परतीचं काही सुचलं नव्हतं. आम्ही जीपची वाट पाहत राहिलो. साडेसहाला विमलनं फोन केला, पण मला नाही. भावसिंगला केला. "भाऊ, आमचं माणूस कुठं ठेवलं?" म्हणून विचारलं, आणि तो जेवणावरून उठून आम्हाला न्यायला आला.

बस येत्या महिन्यात सुरू होणार म्हणतात. हा फोन विमल तेव्हा कोणाला करणार, ते मला अजून कळलेलं नाही.