टीव्हीतला माणूस थांबून राहिला

आईला लकवा मारला तो लातूरच्या घरात, एकटी असताना. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला आणि शब्द कुठंतरी मागं अडकून पडले. समजायचं तिला सगळं. पण साधं "पाणी" म्हणायचं तरी आधी डोळे मोठे व्हायचे, मग ओठांची जुळवाजुळव, आणि मग कुठं "पा..." यायचा. तोवर आमच्यापैकी कुणीतरी पाणी, चहा, औषध, चादर, सगळं तिच्यापुढं आणून ठेवलेलं असायचं. त्यात मी शाळेत बाई. पाढा म्हणताना पोरानं नुसता श्वास घेतला तरी पुढचा आकडा सांगून मोकळी होणारी. आमच्या घरात थांबणार कोण?

दवाखान्यातून तिला थेट नांदेडला माझ्याकडं आणलं, कारण व्यायाम करून घेणारी ताई आमच्याच गल्लीत राहायची. "थोडे दिवस" असं ठरलं होतं. त्या थोड्या दिवसांवरून माझी आणि धाकट्या भावाची फोनवर रोज जुंपायची. त्याचं उदगीरला टाइल्सचं दुकान आहे. तो म्हणायचा, "अक्का, आई माझ्याकडं येईल. मी जित्ता असताना आई लेकीच्या घरी राहिली तर समाजात तोंड कुठं दाखवू?" मी म्हणायचे, "काही नको. तिला लातूरच पायजे. तिचं घर, तिचा देव्हारा, तिची शेजारीण. कामाला बाई ठेवू, पण तिला तिच्या घरी जाऊ दे!" लई तावातावानं भांडायचे मी. आईची बाजू घेऊन भांडते आहे, याचा मला अभिमानही होता. आणि माझा आवाज म्हणजे शेवटच्या बाकाला झोपलेलं पोर उठवणारा.

तेवढ्यात माझी लेक कॉलेजच्या सुट्टीत घरी आली. येताना लॅपटॉपमध्ये एक गेम घेऊन आली आणि तो टीव्हीला जोडला. मला वाटलं, झालं, आता दिवसभर ठो ठो गोळ्या आणि उडणाऱ्या गाड्या. पण हा गेम वेगळाच निघाला. त्यात एकही चितारलेला बाहुला नव्हता. हाडामांसाचे नट आणि नट्या, खरं घर, खरा पाऊस, सगळं सिनेमासारखं शूटिंग केलेलं. फक्त सिनेमा आपल्या मनानं पुढं पळतो, आणि हा मधेच थांबून आपल्याला विचारतो, बोला, आता काय करायचं? खाली दोन उत्तरं येतात. आपण जे निवडू तसं पुढं घडतं.

गोष्ट परदेशातली. जंगलाच्या कडेला एक घर, त्या घराची मालकीण म्हणजे आपण. आपली बहीण हरवली आहे आणि दारावर एकेक माणूस येतोय. कोण भला, कोण लबाड, आपण ओळखायचं.

दुपारची वेळ होती. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. टीव्हीतलं दार उघडलं तर ओल्या कोटातला एक म्हातारा उभा. त्यानं सरळ आईच्या डोळ्यांत बघितलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. आईनं झटकन डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढला! मला हसूच फुटलं. पण तिचं काही चुकलं नव्हतं. सिरियलमधली माणसं आपसात भांडतात, आपल्याकडं ढुंकून बघत नाहीत. हा बाबा तर थेट तिच्याशीच बोलत होता.

लेक म्हणाली, "आज्जी, त्याला आत यायचंय. घेऊ का?"

"अगं, कशाला घेतीस? चोर दिसतोय," मी म्हणाले.

"मम्मी, तू गप. तो आज्जीला विचारून राहिला."

मी गप बसले, आणि मग बघतच राहिले. तो म्हातारा दारात उभा होता. गोठला नव्हता, फोटोसारखा झाला नव्हता. पापण्या लवत होत्या, छाती खालीवर होत होती. मधेच त्यानं कोटाचं पाणी झटकलं, पुन्हा आईकडं बघितलं. वैतागला नाही, "लवकर बोला" म्हणाला नाही. घड्याळ पुढं सरकत होतं आणि तो आपला उभा.

लेकीनं गेम खेळायचं ते बटणांचं यंत्र आईच्या डाव्या हातात दिलं. आईनं मान हलवली. दारात आलेल्या माणसाला डाव्या हातानं काही द्यायचं नाही, ही तिची आयुष्यभराची रीत. मग तिनं डाव्या हातानं आपला मेलेला उजवा हात उचलला, अंगठा बटणावर नेऊन ठेवला आणि वरून दाबला. म्हातारा हसला आणि आत आला. व्यायामवाल्या ताईनं इतके दिवस डोकं आपटलं होतं, तरी त्या हाताला आईनं कधी आपणहून उचललं नव्हतं. मी तोंडावर पदर धरला आणि उगीच स्वयंपाकघरात जाऊन आले.

तो म्हातारा लबाडच निघाला. गोष्टीचा शेवट वाईट झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून खेळले, तर आईनं पुन्हा त्याला आत घेतलं. आमच्यात भिक्षेला दारी आलेल्या जंगमाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. आईनं ती रीत सरसकट परदेशी बदमाशांनाही लागू केली. लेक कपाळाला हात लावायची, "आज्जी, अगं त्यानंच तर बहिणीला पळवलंय!" आई शांतपणे म्हणायची, "पा...वसात... हाय."

मला मात्र ते थांबणं सुटेना. लेकीला विचारलं, हे करतात कसं? ती म्हणाली, नटाला नुसतं बसवून, उभं करून शूटिंग करतात. काही बोलायचं नाही, फक्त समोरच्याच्या उत्तराची वाट बघायची. तो तुकडा संपला की पुन्हा सुरू होतो, पण असा जोडतात की सांधा दिसत नाही. या गेममध्ये उत्तर द्यायला वेळेची पट्टीही असते, ती संपली की गेम स्वतःच काहीतरी निवडून टाकतो. पण ती पट्टी बंद करता येते. आज्जीसाठी तिनं ती पहिल्याच दिवशी बंद केली होती.

काय म्हणावं याला! कुठल्या देशातला कोण तो नट, आपल्या आईचं नावही त्याला ठाऊक नाही, आणि तो तिच्यासाठी थांबायचं काम करून गेलाय. चांगलं काम करून गेलाय. मी सख्खी तिच्या पोटची, आणि मला ते जमत नव्हतं.

हळूहळू आई बटण दाबायच्या आधी उत्तर तोंडानं म्हणायला लागली. लेक दोन्ही उत्तरं मराठीत वाचून दाखवायची आणि गप्प बसायची. टीव्हीतली माणसंही गप्प. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायचे. शब्द येतो कसा, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आधी गळ्याशी काहीतरी हलायचं. मग कपाळावर आठी. कधी चुकीचा शब्द यायचा, तो ती स्वतःच डोळ्यांनी झिडकारायची आणि पुन्हा आत जाऊन दुसरा शोधून आणायची. "बस... बसा." केवढी मेहनत, बाई गं! आणि ती मेहनत रोज अर्ध्यातच तोडून आम्ही तिला चहा पाजत होतो.

रविवारी भाऊ उदगीरहून गाडी घेऊनच आला. आल्या आल्या म्हणाला, "आई, चल. खाली खोली तयार केली, कमोड बसवला. सून पण वाट बघून राहिली."

मी उसळले. "तुला विचारलं का कुणी? तिला लातूरला जायचंय."

"अक्का, तिथं तिला बघणार कोण?"

"बाई ठेवू म्हणून किती वेळा सांगितलं!"

पलंगाच्या दांडीवर टकटक झाली. आई डाव्या हातानं वाजवत होती. लेक उठून आमच्या दोघांच्या मधे उभी राहिली. "मामा, मम्मी, आता कुणी बोलायचं नाही. आज्जी बोलून राहिली."

आम्ही बसलो. आईच्या गळ्याशी हललं. भाऊ मोबाइल काढायला गेला, भाचीनं असं बघितलं की त्यानं तो परत खिशात घातला. आत कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली. गॅस बंद करायला उठावं म्हटलं, पण उठले नाही. भावाला हे नवीन होतं. त्याच्या तोंडाकडं मी बघत होते, त्याला दरदरून घाम फुटला होता.

"उद...गीर... न्हाई," आई म्हणाली.

मी भावाकडं बघितलं. आता कसं, असं माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार.

"लातूर..."

"पायजे" हा शब्द माझ्या जिभेवर आलाच होता. तो मी कसाबसा गिळला.

"...न्हाई."

आईच्या कपाळावर आठी आली, गेली, परत आली.

"भ्या... वाटतं. पडले... हाका... मारल्या. तोंडातून... येईनात."

त्या दिवशी सकाळी दार उघडेना म्हणून दूधवाल्यानं शेजारणीला उठवलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती आत किती वेळ पडून होती, हे आम्ही दोघांनी तिला विचारलंच नव्हतं. भावानं मान खाली घातली. ज्या दोन गावांवरून आम्ही एकमेकांचे गळे धरत होतो, त्यातलं एकही तिला नको होतं.

मग आई माझ्याकडं वळली. तिनं उजवा हात डाव्या हातात घेऊन मांडीवर नीट ठेवला, आणि परक्याकडं काही मागताना लाजावं तशी ती माझ्यापुढं लाजली.

"तू... ठेव...शील?"

महिनाभर मी फोनवर ओरडत होते, तिला लातूरला पाठवा, तिला लातूरला पाठवा. दोन खोल्यांचं आमचं घर. पलंगावर पडून तिनं त्यातला शब्द अन् शब्द ऐकला होता, आणि तिला एवढंच कळलं होतं की लेकीला मी नको झाले.

मला बोलायचं होतं. जिभेला हाड नसलेली बाई मी, आणि मला एक शब्द सापडेना. भाऊ काहीतरी म्हणणार होता, लेकीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आई माझ्याकडं बघत होती. घाई नाही, राग नाही. पापण्या तेवढ्या लवत होत्या.

"ठेवते की गं आई," शेवटी मी म्हणाले. "राहा. इथंच राहा."

आईनं लांब श्वास सोडला.

"लई... येळ... लावलास," ती म्हणाली.