मूकपटातल्या बाईंची खुशाली

सिनेमावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो आणि माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ज्या अमेरिकन नटीबद्दल लिहितो आहे, तिचा मी एकच चित्रपट पाहिला, तोही मुका.

तो हिंगणघाटला आमच्या कॉलेजात दाखवला होता. मी मायला घेऊन गेलो. माय जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. तिला वाचता येत नव्हतं. पडद्यावरची भरभर चाल पाहून पोरं हसत होती. माय रडली.

"मधीमधी पडद्यावर येत होते ते इंग्रजी अक्षरं तुले कुठं समजले?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"अक्षरं आले का मी तिचा चेहरा ध्यानात धरून ठेवत होती. मंग काय अडते?" आणि लगेच, "आता कुठं राह्यते ते? हाय ना जित्ती?"

लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात तिच्यावर दीड पान होतं. शब्दकोश घेऊन मी ते मायला समजावून सांगितलं. शिवणकाम करणाऱ्या विधवेची मुलगी, सोळाव्या वर्षी पडद्यावर आली. घरोघरी तिचे फोटो लागले. मग चित्रपट बोलू लागले आणि तिला काम मिळेनासं झालं. पुढे दुकानात नोकरी केली. आता म्हाताऱ्या कलावंतांच्या आश्रमात राहते.

"लेकरं?"

"लिहिलं नाई."

"अन् नवरा?"

"तेही नाई."

"दीड पान लिहिलं अन् कामाचं काईच नाई! तिच्याजवळ कोण हाय, ते तूच पत्र टाकून विचार."

संक्रांत होती. मायने पत्रात घालायला कुंकवाची पुडी बांधली, पण नवरा असेल की नसेल, या विचाराने पुन्हा सोडली. "तिळगूळ कोणालेई चालते," म्हणत एक वडी बोटांनी चपटी करून दिली. आश्रमाचा पत्ता आमच्या इंग्रजीच्या सरांनी मिळवला.

उन्हाळा सरला तरी उत्तर नव्हतं. माय रोज विचारायची, तेव्हा पोस्टमन हसायचा, "काऊन वो काकू, अमेरिकेत सोयरीक जमवली का?"

पोळ्याच्या आधी पाकीट आलं. तिथल्या नर्सने लिहिलं होतं. बाईंना दिसत नव्हतं, म्हणून पत्र तिने दोनदा वाचून दाखवलं. ती वडी खायची असते हे त्यांना कळलं नाही. बाईंनी ती उशाशी ठेवली, वासासाठी. नवरा कधीच गेला होता, मूल नव्हतं. मार्चमध्ये बाई वारल्या. शेजारच्या खोलीतली, त्यांच्याच काळातली एक नटी शेवटचे दोन दिवस त्यांचा हात धरून बसली होती.