कॉम्प्युटरपुढे ऐकलेलं माप

"पासवर्ड चुकीचा आहे." सुनीताने पाचव्यांदा तेच वाचून दाखवलं आणि रडायला लागली.

तिचा नवरा, म्हणजे माझा मुलगा रमेश, खारघरच्या हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध होता. आतडं फुटलं होतं. ऑपरेशन लगेच करायचं, पण आधी मस्कतला नोकरीत असताना त्याचं एक ऑपरेशन झालेलं, तेव्हा भुलीच्या औषधाने तो मरता मरता राहिला होता. कोणतं औषध, ते आम्हाला ठाऊक नाही. कागद घर बदलताना हरवले. त्यांचे फोटो त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होते. डॉक्टर म्हणाले, "तासभर थांबतो. मग अंदाजाने करावं लागेल."

आम्ही दोघी करंजाड्याच्या घरात, दुपारी दोन वाजता, त्या डब्यापुढे बसलेल्या.

मी चौथी शिकलेली बाई. अंगात आणणाऱ्या बायकांना मी तोंडावर ढोंगी म्हटलंय. आजही म्हणते. तरी हे लिहिते, कारण घडलं ते घडलं.

पासवर्ड चुकला की खाली एक खूण यायची... रमेशनेच लिहून ठेवलेली. 'आबांचं माप.' आबा म्हणजे माझे मालक, रमेशचे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

"शर्टाचं माप असेल," सुनीता म्हणाली. "बेचाळीस टाकलं, चव्वेचाळीस टाकलं..."

"तुज्या सासऱ्यानं उभा जन्म गंजीवर काढला. शर्टाचं माप त्याला तरी ठाव व्हतं का?"

"मग चपलेचं?"

"रडू नको आधी. पडदा दिसत नाय तुला."

तेवढ्यात मागून, स्वयंपाकघराच्या दारातून, आवाज आला. भाताचे दाणे मापाच्या पायलीत पडल्याचा. आणि माणूस मोजत होता –

"लाभ... दोन... तीन..."

आमच्याकडे भात मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आवाज आबांचाच. तंबाखू दाढेत धरून बोलायचे, तसाच. टीव्ही बंद होता. मी वळून पाहिलं नाही. का, ते विचारू नका... पाहिलं असतं तर मोजणं थांबलं असतं, असं वाटलं.

"...पंधरा... सोळा... सतरा."

मग रिकामी पायली जमिनीवर टेकल्याचा आवाज. पुढे काही नाही.

"सुनीता, लाभ लिव. त्याच्या म्होरं सतरा."

"आई, लाभ काय आता?"

"लिव गं तू. मंग सांगते."

तिने इंग्रजीत लिहिलं. कॉम्प्युटर उघडला.

दहा मिनिटांत औषधाचं नाव डॉक्टरांकडे गेलं. सुनीताला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती म्हणते, तुम्ही भिंतीकडे बघत गप्प बसला होता.

आता म्हणाल, खूण वाचून मला 'लाभ' आठवला असेल. आठवला असेल, मी नाही म्हणत नाही. पण सतरा?

ते रमेशने सांगितलं, पंधरा दिवसांनी, घरी आल्यावर.

"आये, तू बाळंतपनाला म्हायेरी जासईला गेलेलीस, त्या वर्साला खाडीचा बांध फुटला. खारं पानी शेतात शिरलं. समद्या शेताचं भात निस्तं सतरा पायल्या झालं. मी गोनीचं तोंड धरलेलं. आबा मनाले, आयेला सांगशील तर बघ. मी कुनाला सांगितलं नाय. सुनीताला पन नाय."

मी तान्ही मुलगी घेऊन परतले, तेव्हा भाताची कणगी भरलेली होती. "पीक चांगलं आलं," असं ते म्हणाले होते. कुठून भरली, देव जाणे. इतकी वर्षं मी तेच खरं धरून होते.

शेजारीण म्हणाली, पूजा घालून त्यांना शांत करून घ्या. मी काही केलं नाही. ज्याने काम केलं, त्याला कशाला शांत करायचं?

ते आले होते की माझं डोकं फिरलं होतं, मला आजही सांगता येत नाही.

रमेश जिवंत आहे. सकाळी दूध तोच आणतो.