डाव्या बाजूची सवारी

"सरका बाप्पा, एक जण बसते!"

खोलीत मी आणि ते, दोघंच. तरी मामांनी दाराशी चपला काढल्या, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि हे वाक्य म्हटलं. त्याशिवाय त्यांची गाडी सुरूच व्हायची नाही.

बुलडाण्याच्या आमच्या केंद्रात, लकव्यातून उठलेल्या माणसाला गाडी चालवणं जमेल का, ते मी सिम्युलेटरवर तपासते. खुर्ची, स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि समोर पडद्यांवर खोटा रस्ता. मामा माझे पेशंट; मेहकरच्या रस्त्यावर त्यांची सवाऱ्यांची काळी-पिवळी जीप होती. हातपाय पुन्हा चालायला लागले होते. आता फक्त माझा होकार हवा होता.

"हाव म्हना, मॅडम. जीप दारात उभी हाये अन् मी खाटेवर पडून राह्यलो."

तुम्ही तिथे असता तर हसून लोळला असता. पडद्यावर उजवीकडे माणूस दिसला की मामा ब्रेक दाबायचे.

"मामा, थांबू नका. चित्र आहे ते."

"चित्र असलं म्हनून काय झालं? उनात काऊन उभं ठेवाव त्याले?"

मग डावीकडून एक बाई हात दाखवत रस्त्यावर आली. मामा थेट तिच्या अंगावरून गेले. पडदा लाल झाला.

"काऊन लाल झालं हे?"

मी तेच पुन्हा दाखवलं. "हे बाई कुठून आली?" म्हणाले. परत चालवलं, परत तेच. डोळे चांगले होते हो, पण लकव्यानंतर मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नव्हता. मामांनी स्वतःच किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"सवारी डाव्या अंगालेच उभी राह्यते, मॅडम."

मला रडूच आलं. तर हेच मला समजावतात, "तुमी काऊन रडता? जीप माही गेली!"

मी त्यांना अभ्यास दिला: मान डावीकडे वळवायची आणि दिसेल ते मोठ्यानं म्हणायचं. पुढच्या तपासणीला मात्र पठ्ठ्या आलाच नाही. बसले असतील घरात तोंड पाडून, म्हणून मी मनातल्या मनात खूप रागावले.

परवा मेहकरजवळच्या फाट्यावर जीपची वाट बघत होते. एक खच्चून भरलेली जीप आली. चालवत होती मामांची सून, पदर खोचून. शेजारी खिडकीत मामा, मान डावीकडे वळवलेली आणि ओरडणं चालू, "बाभूळ... म्हशी... शाळेची पोरं... अवं, मॅडम! थांबव, थांबव!"

जीप थांबली. आत मुंगीला जागा नव्हती.

"सरका बाप्पा, एक जण बसते!" म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच सरकले.

मी खिडकीशी बसले. माझ्या खांद्यावरून मान काढून मामा पुन्हा डावीकडे बघू लागले.