तीन बोटं माया

"ठक्!" मास्तरांनी कात्री लाकडी टेबलावर टाकली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तेव्हा वसईत त्यांच्याकडे शिवण शिकत होतो. शर्टाचं कापड अगदी मापात कापलं होतं आणि त्यावर खूशही होतो. मास्तर म्हणाले, "इनास, माया कुठंय?"

माया म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं दुमडून ठेवलेलं कापड.

"माणूस काय आयुष्यभर तेवढाच राहणार आहे?" ते म्हणाले. त्यानंतर मी बिनमायेचं काही शिवलं नाही.

पुढं अबू धाबीला आलो. खलिफा सिटीत अल्टरेशनचं दुकान. नवं शिवायला कोणी येत नाही, आणलेलं लहान-मोठं करायचं, एवढंच काम. दिवसभर मशीनखाली चिंध्या जमतात, तसे किस्सेही जमतात. चिंध्या संध्याकाळी झाडून जातात. किस्से तेवढे राहतात.

दुकानाजवळ अमेरिकन लोकांचे व्हिला आहेत. शिक्षक, पायलट, तेलातले इंजिनिअर. त्यांचे कपडे बघून आमचा इस्त्रीवाला रझाक, पेशावरचा, एकदा मला म्हणाला, "चाचा, अमेरिका एक मुल्क है या पांच?"

आमचे मालक कोयाभाई केरळचे. माणूस वाईट नाही, पण माझा व्हिसा दरवर्षी त्यांनी करायचा, आणि माझा हात आता थोडा कापतो. मुलगा गेल्यापासून नात ग्लॅडिस माझ्यावर आहे. तिचं नर्सिंग संपेपर्यंत मला इथून हलायचं नव्हतं. बाकी कसलीच हौस उरली नाही.

•

लॉस एंजेलिसची एक मुलगी जीन्स देऊन गेली. "शॉर्ट करा," म्हणाली. लांबी कमी केली. मग बघतो तर दोन्ही गुडघे फाटलेले! मला वाईट वाटलं. परदेशात एकटी राहते पोरगी, कोण लक्ष देणार? मी जेवणाची सुट्टी सोडून दोन्ही गुडघ्यांना रफू केलं. असं केलं की बोट फिरवलं तरी कळू नये.

ती आली, पँट उलटीपालटी करून बघितली आणि ओरडली, "हू डिड धिस?"

मला वाटलं, कौतुक करतेय. मी हात वर केला!

ती गेल्यावर कोयाभाई डोक्याला हात लावून म्हणाले, "चाचा, उसने फटने का पैसा दिया था!"

ती पहिली कम्प्लेंट.

•

न्यूयॉर्कची एक बाई. काळी पँट, काळा शर्ट, काळा कोट, आणि हातातल्या पिशवीत आणखी काळेच कपडे. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत घरात कोणी गेलं की काळं घालतात. तिचा चेहराही थकलेला. मी मशीन बंद केलं, उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "मॅडम, सॉरी फॉर युवर लॉस."

"व्हॉट लॉस? आय ॲम फ्रॉम न्यूयॉर्क!"

रझाक इस्त्रीच्या वाफेमागं जाऊन हसत बसला. बाई मात्र भली. त्या दिवसापासून दारातूनच सांगायची, "चाचा, नोबडी डाइड टुडे!"

•

ह्यूस्टनचा साहेब म्हणजे उंच माणूस, मोठा पट्टा, वर टोपी. जीन्सला स्टार्च घालून कडक इस्त्री मागायचा. जीन्सला! रझाकनं आधी थोडाच स्टार्च घातला. साहेब म्हणाला, "मोअर." पुन्हा घातला. "मोअर!"

तिसऱ्या वेळी रझाकनं काय केलं कोण जाणे, पण ती पँट भिंतीला टेकवली तर आपली आपण उभी राहिली. कमरेच्या वर कोणीच नाही, आणि पँट उभी! रझाकनं तिला सलाम ठोकला. "आइये साहब, बैठिये."

साहेब मागं येऊन उभा होता. म्हणाला, "नाऊ दॅट्स अ पँट."

•

जीन्सच्या प्रकारानंतर मी फार सावध झालो होतो. फाटलेलं काहीही आलं की आधी विचारायचं, असं ठरवलं.

एक दिवस वॉशिंग्टनचा एक साहेब घाईघाईनं आत आला. निळा सूट, टाय, चकचकीत बूट. तिथं म्हणे सगळे असेच, एका साच्यातले. लॅपटॉपची बॅग त्यानं मागं धरलेली. बॅग बाजूला केली तर पँट मागून अशी उसवलेली की आतलं सगळं दिसत होतं.

मी अदबीनं विचारलं, "सर, धिस इज फॅशन?"

दुसरी कम्प्लेंट.

त्या दिवशी कोयाभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, "इनास चाचा, एक और कम्प्लेंट आया, तो खलास. व्हिसा नहीं करेगा. घर जाके आराम करो."

मी मशीनवर येऊन बसलो. सुईत दोरा ओवायला त्या दिवशी रझाक उठून आला.

•

आपल्यातल्या देशपांडे वहिनी एकदा मुलाला घेऊन आल्या. तो सॅन फ्रान्सिस्कोला मोठ्या कंपनीत. साखरपुडा दोन दिवसांवर, आणि हा करड्या टी-शर्टात, पायात रबरी चप्पल!

"काका, याला माणसात आणा," वहिनी म्हणाल्या.

मुलगा म्हणाला, "आई, माय सीईओ वेअर्स धिस."

"त्याचा साखरपुडा असेल तेव्हा त्याला बोलव! तोवर हा सूट घाल."

सूट भावाचा होता. मी पोटाला आणि बाह्यांना आत घेतला. नेताना म्हणालो, "वहिनी, आत माया ठेवलीय हं."

इथं हा शब्द मी कोणाशी बोलत नाही. वहिनी मुलाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "ठेवा हो. तिकडं याच्यासाठी कोण ठेवणार?"

मुलगा फोनमध्ये बघत होता. "ठेवणार व्हॉट?" म्हणाला.

•

आणि ही शिकागोची बाई. शाळेत शिकवते. ती एका हिवाळ्यात गुडघ्यापर्यंतचा जाड लोकरीचा कोट घेऊन आली. बरोबर मुलगा, बारीक, तेराचा वगैरे. नाताळात आजीकडं शिकागोला जायचं होतं.

मी म्हटलं, "मॅडम, शिकागो फॅशन?"

"शिकागोत वारा असतो," ती म्हणाली. "फॅशन कोटाच्या आत राहते."

कोट मुलाच्या बापाचा. बाप त्याच वर्षी गेला होता. मुलगा आत उभा राहिला तर हात दिसेनात. ती म्हणाली, "याच्या मापाचा करा. उरेल ते कापून टाका." आणि दाराबाहेर बघत राहिली.

मी कात्री हातात घेतली होती. टेबलावर ठेवून दिली. बाह्या आत दुमडल्या, दोन्ही बाजू आत घेतल्या, खालचा घेर वर उचलला. तीन तीन बोटं माया, काही ठिकाणी चांगली वीतभर. खांद्यांना हातच लावला नाही.

कोयाभाईंनी कोट उचलून बघितला. "इतना भारी? काटा नहीं?"

"नहीं."

"मॅडम ने काटने को बोला. वो वापस आएगी, चाचा. फिर मेरे को मत बोलना."

ती घाईत कोट घेऊन गेली. तो सगळा हिवाळा दार वाजलं की मी मान वर करायचो. ती आली नाही.

पुढच्या हिवाळ्यात आली. माझा व्हिसा त्याच महिन्यात संपत होता. हातात तोच कोट. मुलगा आता तिच्या डोक्यावरून जाणारा, आवाजही बदललेला. ती सरळ कोयाभाईंकडं गेली.

"गेल्या वर्षी मी यांना हा कापायला सांगितला होता," माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली.

कोयाभाईंनी माझ्याकडं बघितलं. मला ग्लॅडिस दिसली, पांढऱ्या गणवेशातली.

"आता याला होत नाही," ती म्हणाली. "चूक माझीच. असंच दुसरं कापड मिळेल का? जोडता येईल?"

मी कोट घेतला, ब्लेड घेतलं आणि तिच्यासमोरच दोरे काढायला लागलो. आधी एक बाही खाली आली. मग दुसरी. मग बाजू सुटल्या. कोट टेबलावर पसरत गेला. रझाकनं न सांगता वाफेची इस्त्री आणली. खालचा घेर मी धावदोऱ्यानं तेवढा धरून दिला.

मुलानं कोट घातला. बरोब्बर बसला. खांदेसुद्धा. तो आरशासमोर उभा राहिला, दोन्ही हात खिशात घातले आणि एका पायावर भार देऊन जरा कलला.

बाई त्याच्या मागं उभी होती. तिचा हात तोंडावर गेला.

कोयाभाई केबिनच्या दारातून पुढं आले. "मॅडम, एनी कम्प्लेंट?"

तिनं मुलाच्या बाहीवरून बोट फिरवलं, जिथं जुन्या घडीची रेघ राहिली होती. कॉलर नीट केली. मग त्याची बाही मुठीत धरली आणि मानेनंच नाही म्हणत त्याच्याबरोबर दाराबाहेर निघून गेली.