वाच्यता म्हणजे वाचणं नव्हे म्हणे

दोस्तहो, डोकं चालून नाही राहिलं, म्हणून तुमाले विचारतो.

मागच्या महिन्यात नागपूरले एका कार्टूनमधल्या जनावराले आवाज दिला. कोणतं जनावर, ते सांगत नाही. कार्टून अजून यायचं आहे. कागदावर लिहिलं होतं, ‘या कामाची कुठेही वाच्यता करणार नाही.’ मले वाटलं, वाच्यता म्हणजे वाचणं. म्हणून पुढचं न वाचताच सही केली.

आज कारध्याले जायचं होतं, पण आसगावची बस दिसली अन् तिथल्या मावशीकडे पोचलो. तिची नात जेवत नव्हती. मी त्या जनावराच्या आवाजात म्हटलं, “भात संपव, नाही तं मी खातो.” पोरगी पोटभर जेवली. मावशीनं मोबाईलवर व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

अंगणात मावसाजीले मोठ्या तोऱ्यात तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावला. “बाबू, वाच्यता म्हणजे बोभाटा. हे कोणाले सांगायचंच नव्हतं. पुढच्या भागाचं काम गेलं समज.”

धावत मावशीकडे गेलो. म्हटलं, व्हिडिओ काढून टाक.

“काहून? चोरी केली का तू?”

आता कारण सांगितलं तं बोभाटा, नाही सांगितलं तं व्हिडिओ तसाच.

शेवटी ती म्हणाली, “त्याच आवाजात म्हण, मंग काढून टाकीन.” मोबाईलचा कॅमेरा माझ्याकडे धरूनच बसली आहे.

तुम्ही असते तं म्हटलं असतं का?